परत त्याच जागी: मायक्रोस्कोपचं स्टेज निवडताना आणि वापरताना

संध्याकाळी शंभरच्या ऑब्जेक्टिव्हखाली एक देखणा डायटम सापडतो. आपण व्हर्नियरचे दोन्ही आकडे वहीत टिपतो, दिवा बंद करतो आणि घरी जातो. सकाळी तीच स्लाइड लावून तेच आकडे जुळवावेत, तर समोर भलतंच काही. मग स्लाइड इकडेतिकडे सरकवत अर्धा तास शोधाशोध. मायक्रोस्कोपवर ज्यांचा दिवस जातो त्यांना हे सांगायला नको. अशा वेळी शंका आधी आपल्याच टिपणावर येते, मग स्लाइडवर. स्टेजवर ती सहसा कुणी घेत नाही.

प्रयोगशाळांमधली उपकरणं दुरुस्त करणं हे माझं काम. कुणी विचारलं तर नवं उपकरण निवडायलाही मदत करतो. खरेदीच्या बैठकीत ऑब्जेक्टिव्हवर तासभर बोलणं होतं, कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर त्याहून जास्त. कोटेशनमध्ये स्टेजच्या वाट्याला एकच ओळ येते: 'मेकॅनिकल स्टेज, एक नग'. या एका ओळीकडे लक्ष द्या, एवढं सांगण्यासाठी हा लेख आहे. महाविद्यालयांचे विभागप्रमुख, लॅब टेक्निशियन, कारखान्याच्या क्वालिटी विभागातली मंडळी आणि रात्रभर टाइम-लॅप्स लावून बसणारे संशोधक विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. स्टेज किती बारीक हलतं हे विक्रेता सांगेलच. ते परत त्याच जागी येतं का आणि तिथं थांबतं का, हे मात्र तुम्हालाच पाहावं लागेल.

आधी मापं समोर ठेवू. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तेलात वापरायच्या शंभरच्या ऑब्जेक्टिव्हचं न्यूमेरिकल अपर्चर १.२५ असेल, तर एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडलेल्या नियमानुसार हिरव्या प्रकाशात त्यातून साधारण ०.२२ मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. फोकसमध्ये राहणारी जाडी असते जेमतेम अर्धा मायक्रॉन. आयपीसचा फील्ड नंबर १८ असेल तर एका वेळी दिसणारं वर्तुळ ०.१८ मिलिमीटरचं. म्हणजे नॉब धरून आपण जे लोखंड-ॲल्युमिनियम हलवतो, त्याच्याकडून केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी चूक आपल्याला हवी असते.

हाताच्या स्टेजवरचं व्हर्नियर वाचतं ०.१ मिलिमीटर. अकरावीच्या प्रॅक्टिकलला कॅलिपर हातात घेतला होता, तेच तत्त्व आणि तेवढाच बारकावा. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसणारं वर्तुळ ०.४५ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे तिथं व्हर्नियर पुरतं. शंभरखाली मात्र व्हर्नियरची एक रेघ म्हणजे अर्ध्याहून अधिक वर्तुळ. व्हर्नियर आपल्याला गल्लीपर्यंत आणून सोडतं, घर आपणच शोधायचं. म्हणून आकड्यांसोबत आसपासच्या दोन-तीन ठळक खुणांचं छोटं रेखाटन वहीत करा. परत शोधताना थेट तेल लावू नका. दहावर खुणा ओळखा, चाळीसवर जागा मधोमध आणा आणि मग शंभरवर जा. स्लाइडचं लेबल नेहमी एकाच बाजूला ठेवा, स्लाइड क्लिपच्या पक्क्या कोपऱ्याला टेकवा आणि स्प्रिंगची पट्टी सावकाश सोडा. ती फटकन सोडली की स्लाइड कोपऱ्यापासून केसभर उडते. शिवाय काचेच्या कडेला चिकटलेला एखादा कण तिला तिरकी बसवतो, तो वेगळाच.

दुसरी अडचण अशी की एका मायक्रोस्कोपचे आकडे दुसऱ्यावर चालत नाहीत. प्रत्येक स्टेजचं शून्य वेगळं. तुमची स्लाइड दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जाणार असेल तर इंग्लंड फाइंडर वापरा. ही स्लाइडच्याच मापाची काच असते. तिच्यावर एक-एक मिलिमीटरचे चौकोन कोरलेले असतात आणि प्रत्येकाला अक्षर व आकड्याचं नाव असतं. हवी ती गोष्ट मधोमध आणायची, स्लाइड काढायची, स्टेजला धक्का न लावता तिच्या जागी फाइंडर बसवायचा आणि मधोमध दिसेल तो चौकोन लिहून घ्यायचा. समोरचा माणूस आपल्याकडच्या फाइंडरवर तोच चौकोन लावतो आणि मग तुमची स्लाइड ठेवतो. परागकण, डायटम, सूक्ष्म जीवाश्म अशा कामांत ही रीत रुळलेली आहे. पॅथॉलॉजीच्या अध्यापनातही ती रुळावी असं मला मनापासून वाटतं. स्लाइडवर स्केचपेननं ठिपके काढून किती काळ भागवायचं?

आट्यांमधली फट

शिकाऊ कामगार म्हणून मी लेथवर उभा राहिलो तेव्हाची गोष्ट. क्रॉस-स्लाइडच्या डायलवर माप घ्यायचं होतं. मी दोन रेघा पुढं गेलो, म्हणून हँडल उलटं फिरवून डायल दोन रेघा मागं आणला. शेजारी मिस्त्री उभे होते. म्हणाले, "अरे, डायल मागं आला, पण टूल आलं का? अर्धा फेरा मागं घे आणि पुढं येत येत रेघेवर थांब." मी चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून पाहिलं. हँडल फिरत होतं आणि गेजची सुई जागची हलत नव्हती. थोडं आणखी फिरवल्यावर ती एकदम सुटली.

स्क्रूचे आटे आणि नटचे आटे यांच्यात फट असल्याशिवाय स्क्रू फिरणारच नाही. दिशा बदलली की आधी ती फट भरून निघते, मगच नट हलतो. कारखान्यात याला प्ले म्हणतात किंवा बॅकलॅश. मायक्रोस्कोपच्या साध्या स्टेजमध्ये स्क्रूऐवजी रॅक-पिनियन असतं, तिथं दात आणि दात यांच्यात तीच फट. बारीक फोकसच्या नॉबमध्येही ती असते. इलाज मिस्त्रींनी सांगितला तोच: ज्या जागेचा आकडा टिपायचा तिथं नेहमी एकाच बाजूनं पोहोचा. डावीकडून यायचं ठरवलं की कायम डावीकडून. पुढं गेलात तर बरंच मागं जा आणि पुन्हा या. ही सवय लागली तर जुन्या, सैल स्टेजवरही बऱ्यापैकी काम होतं. ती नसेल तर महागडं स्टेजही फसवतं.

मोटरच्या स्टेजसाठी सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश करेक्शन नावाची खूण असते. ती चालू असली की स्टेज एका दिशेनं ठरावीक अंतर जास्त जाऊन परत येतं आणि दर वेळी एकाच बाजूनं थांबतं. वेळ वाचवण्यासाठी कुणीतरी ती बंद करून ठेवलेली असते आणि पुढच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. तुमच्या उपकरणावर ती आज चालू आहे का, एवढं उद्या सकाळी जाऊन पाहा.

चांगल्या स्टेजमध्ये नटचे दोन भाग करून मध्ये स्प्रिंग घालतात, म्हणजे आटे कायम दोन्ही बाजूंनी टेकलेले राहतात. पण फट भरली तरी स्क्रूच्या आट्यांचं अंतर सगळीकडे सारखं असेलच असं नाही. ते सारखं करण्याचा ध्यास घेतलेला माणूस म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले हेन्री रोलंड. १८८०च्या दशकात त्यांनी विवर्तन-जाळ्या कोरण्याच्या यंत्रासाठी स्क्रू घासून घासून इतका नेटका केला, की त्या यंत्रानं एका इंचात चौदा हजारांहून अधिक रेघा कोरल्या. लांबलचक नटमध्ये ग्राइंडिंगची पूड घालून स्क्रू त्यात फिरवत राहायचा, म्हणजे एका आट्याची चूक बाकीच्या आट्यांत वाटली जाऊन विरत जाते, ही त्यांची युक्ती. टूलरूममध्ये लॅपिंग केलेल्या कुणालाही ती लगेच पटेल.

माहितीपत्रकातला आकडा

आता विक्रेत्याचं माहितीपत्रक हातात घेऊ. त्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: रिझोल्यूशन २० नॅनोमीटर. हा आकडा येतो कुठून? मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. स्क्रूचं पिच १ मिलिमीटर असेल तर एका पावलात ५ मायक्रॉन. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे २५६ तुकडे करतो. भागाकार केला की साधारण २० नॅनोमीटर. हा झाला कागदावरचा हिशोब. जड कपाट ढकलताना काय होतं ते आठवा. जोर लावत राहतो, कपाट हलत नाही, आणि हलतं तेव्हा वीतभर पुढं जातं. बारीक तुकड्याएवढ्या जोरात मोटर घर्षणावर मात करू शकत नाही. पाच-दहा तुकडे साठतात आणि स्टेज एकदम उडी मारतं. वीस नॅनोमीटरचा हुकूम सुटला, हे खरं. तो पाळला गेला का, हे त्या आकड्यात नाही.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: सर्वांत लहान हालचाल किती, सांगितलेल्या अंतरात चूक किती, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी पाठवलं तर फरक किती. शेवटची गोष्ट, म्हणजे रिपीटेबिलिटी, मला सर्वांत मोलाची वाटते. कायम पाच मिनिटं पुढं असलेल्या घड्याळावर आपण गाडी पकडू शकतो. कधी पुढं, कधी मागं जाणारं घड्याळ मात्र निरुपयोगी. स्टेज दर वेळी ३ मायक्रॉन जास्त जात असेल तर ते सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होतं, पण त्याचा नेम नसेल तर काहीच करता येत नाही. हा आकडा एका दिशेनं येतानाचा दिलाय की दोन्ही दिशांनी, हेही विचारा. नुसता 'रिपीटेबिलिटी' असा शब्द असेल तर तो बहुधा एका दिशेचा, म्हणजे सोयीचा असतो.

जागा वाचणारा एन्कोडर कुठं बसवलाय, हा आणखी एक नेमका प्रश्न. तो मोटरच्या दांड्यावर असेल तर मोटर किती फिरली एवढंच त्याला कळतं. आट्यांमधली फट आणि स्क्रूचं तापणं त्याच्या नजरेपलीकडे. स्टेजच्या हलणाऱ्या भागालाच रेषीय पट्टी चिकटवलेली असेल तर खरी जागा वाचली जाते. किंमत वाढते, पण हजारो जागांवर फिरून रात्रभर फोटो काढायचे असतील तर पैसे इथं घाला. कॅमेरा दोन वर्षांनी बदलता येतो.

पट्टीतही एक मेख आहे. आबे यांनी १८९० साली सांगितलं, की मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एकाच सरळ रेषेत हवी. मायक्रोस्कोपवर ते क्वचितच जमतं, कारण नमुना वर असतो आणि पट्टी खाली किंवा बाजूला. समजा हे अंतर ६० मिलिमीटर आहे आणि सरकताना स्टेज फक्त १० सेकंदांच्या कोनानं कललं. तेवढ्यानं नमुन्यापाशी जवळजवळ ३ मायक्रॉनची चूक होते आणि पट्टीला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून स्टेजच्या वाटेचा सरळपणा, म्हणजे रुळांचं काम, महत्त्वाचं. साध्या स्टेजमध्ये डव्हटेल असतं. अचूक कामासाठी क्रॉस-रोलर घ्या. त्यात एकाआड एक काटकोनात ठेवलेले छोटे रोलर दोन्ही बाजूंनी ताण देऊन बसवलेले असतात, म्हणून ते सैल राहत नाही आणि घर्षणही कमी.

विकत घेण्याआधी टेबलावर

डेमोसाठी मायक्रोस्कोप आला की बहुतेक ठिकाणी तयार स्लाइड लावून रंगीत चित्र बघतात आणि 'छान आहे' म्हणतात. तुम्ही सोबत स्टेज मायक्रोमीटर घेऊन बसा. एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली ही काच; दोन रेघांमध्ये १० मायक्रॉन. चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह लावा. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा असेल आणि मधला ॲडॉप्टर एकपट असेल, तर पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे नमुन्यावरचे साधारण ०.०९ मायक्रॉन. स्टेज तपासायला याहून चांगलं मापयंत्र शोधायची गरज नाही.

एका रेघेची कड पडद्यावरच्या उभ्या खुणेला भिडवा आणि ही जागा सॉफ्टवेअरमध्ये साठवा. आता स्टेज ५ मिलिमीटर डावीकडे पाठवा आणि परत बोलवा, फोटो काढा. असं दहा वेळा. मग तेच उजवीकडून दहा वेळा. बॅकलॅश करेक्शन आधी बंद करून आणि मग चालू करून पाहा. प्रत्येक फोटोत रेघेची कड कितव्या पिक्सेलवर आहे ते लिहीत जा. कागदावर दोन पुंजके तयार होतात. एका पुंजक्याची रुंदी म्हणजे एका दिशेची रिपीटेबिलिटी. दोन पुंजक्यांमधलं अंतर म्हणजे फट. हे करताना पडद्याकडे नीट बघत राहा. चांगल्या स्टेजवर रेघ येते आणि थांबते. बऱ्याच स्टेजवर ती येते, थरथरते, खुणेच्या पलीकडे जाऊन परत सरकते आणि मग स्थिरावते. हा स्थिरावण्याचा वेळ मोजा. स्टेज 'पोहोचलो' असं सांगतं त्या क्षणापासून भराभर वीस-तीस फोटो काढले की तो उमगतो. एका स्लाइडवर दोन हजार जागा असतील आणि प्रत्येक ठिकाणी पाव सेकंद जादा थांबावं लागलं, तर आठ मिनिटांहून जास्त वेळ नुसता थांबण्यात जातो.

नंतर चौकोन फिरवा: १० मिलिमीटर उजवीकडे, १० खाली, १० डावीकडे, १० वर. सुरुवातीच्या रेघेवर परत आलात का? दोन्ही दिशा काटकोनात आहेत का, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी चौकटीची जाळी असलेली काच लागते.

सपाटी तपासायची रीत आणखी सोपी. स्लाइडच्या चारही कोपऱ्यांत फोकस करा आणि बारीक नॉबवरचा आकडा लिहून घ्या. बहुतेक नॉबवर एक रेघ म्हणजे १ किंवा २ मायक्रॉन. नॉबही नेहमी एकाच दिशेनं फिरवत रेघेवर आणायचा, हे आलंच. २० मिलिमीटरच्या अंतरात १० मायक्रॉनचा उतार असेल तर दर मिलिमीटरला अर्धा मायक्रॉन. म्हणजे शंभरच्या ऑब्जेक्टिव्हखाली पाच-सहा वर्तुळं ओलांडली की फोकस सुटणार. मलेरियासाठी रक्ताची स्लाइड तपासणाऱ्या टेक्निशियनला निगेटिव्ह म्हणण्याआधी किमान शंभर वर्तुळं पाहायची असतात. त्यांचा अंगठा दिवसभर बारीक नॉबवर का असतो, याचं एक कारण हे. त्यांच्यासाठी स्टेज सपाट करून घेणं ही मोठी मदत आहे, आणि स्टेज एका ब्रॅकेटवर स्क्रूनी बसवलेलं असेल तर ते काम पाऊण तासाचं.

शेवटी स्टेजच्या कडेवर तळहात हलकेच टेकवा आणि काढून घ्या. चित्र हललं तर हरकत नाही, ते परत आलं पाहिजे. परत आलं नाही, तर कुठंतरी काहीतरी घसरतंय.

तासाभराची कसोटी

एवढं सगळं झालं तरी एक कसोटी उरते, आणि तिला धीर लागतो. मायक्रोस्कोप थंड असतानाच सुरू करा, एका रेघेवर फोकस करा आणि कशालाही हात न लावता तासभर दर मिनिटाला फोटो काढा. चित्र सरकत जातं, धूसर होतं. आपण काहीच हलवलेलं नसतं, हलवलेलं असतं ते उष्णतेनं.

ॲल्युमिनियमची एक मीटरची पट्टी एका अंशाला २३ मायक्रॉन वाढते, पोलादाची साधारण १२. मायक्रोस्कोपच्या अंगातला १५० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा भाग २ अंशांनी तापला तर वाढ जवळजवळ ७ मायक्रॉन. फोकसची जाडी अर्धा मायक्रॉन असताना हे सात कुठं लपणार? सगळे भाग सारखेच वाढले असते तर काही अंशी भरपाई झाली असती, पण दिव्याजवळचा भाग आधी तापतो, खालचा पाया तासाभरानं. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ साली इन्व्हार हा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू शोधला. त्याची वाढ पोलादाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी. त्यासाठी त्यांना १९२०चं नोबेल मिळालं. पण आपल्या खिशाला इन्व्हारचं स्टेज परवडत नाही. खोली एकसारखी ठेवणं परवडतं.

एका प्रयोगशाळेतून मला बोलावणं आलं होतं. रात्रभराच्या टाइम-लॅप्समध्ये पेशी ठरावीक वेळानं धूसर होत होत्या आणि पुन्हा स्पष्ट. सॉफ्टवेअर दोनदा बदलून झालं होतं. मी एक साधा थर्मामीटर स्टेजला चिकटवला आणि बाजूला बसून राहिलो. एसीचा कंप्रेसर सुरू झाला की वाऱ्याचा झोत थेट मायक्रोस्कोपवर, पारा खाली. कंप्रेसर थांबला की पारा वर. पडद्यावरच्या पेशी त्याच तालावर वरखाली. एसीच्या तोंडासमोर पुठ्ठा लावून झोत वळवला आणि मायक्रोस्कोपभोवती ॲक्रिलिकची पेटी केली. त्या रात्रीचे फोटो सकाळपर्यंत स्वच्छ होते.

तेव्हा एवढं करा. यंत्र, दिवा, कॅमेरा आणि असेल तर स्टेजवरचा इन्क्युबेटर कामाच्या दोन तास आधी सुरू करा. मे महिन्यात सकाळी एसी लावून लगेच काम सुरू करण्यात अर्थ नाही. झोत अंगावर येऊ देऊ नका. तेलाचं ऑब्जेक्टिव्ह नमुन्याची उष्णता खेचून घेतं, म्हणून ३७ अंशांवर काम असेल तर ऑब्जेक्टिव्हलाही तापवणारा पट्टा हवा. अवरक्त किरणांनी काचेची जागा वाचून फोकस धरून ठेवणारी सोय परवडत असेल तर जरूर घ्या. ती कव्हरस्लिपच्या पृष्ठभागावर लक्ष ठेवते आणि उंचीतला फरक भरून काढते. आडवा सरक मात्र ती थांबवत नाही. आणखी एक: कॅमेऱ्याच्या, हीटरच्या केबली स्टेजवरून लोंबकळत असतील तर त्या सैल वळसा देऊन बांधा. ताणलेली केबल स्टेजला हळूहळू ओढत राहते.

घासायचं नाही, वाकायचं

जिथं स्क्रू आणि रूळ थकतात, तिथं दुसरीच कल्पना कामाला येते. हॅक्सॉची दोन पाती समांतर उभी धरून वर-खाली लाकडाचे ठोकळे घट्ट बसवा. खालचा ठोकळा व्हाइसमध्ये पकडा आणि वरचा बोटानं ढकला. तो न कलता, सरळ बाजूला जातो. बोट काढलं की परत त्याच जागी. आटे नाहीत, म्हणून फट नाही. घासणं नाही, म्हणून अडकून उडी मारणंही नाही. बाजूला जाताना तो किंचित खालीही येतो: पात्याची मोकळी लांबी १०० मिलिमीटर असेल तर १ मिलिमीटर सरकताना सुमारे ६ मायक्रॉन. अशा समांतर स्प्रिंगांचा कसून अभ्यास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी १९५०च्या दशकात केला. आज अचूक स्टेजमध्ये धातूच्या एकाच ठोकळ्यात खाचा कापून असे बिजागऱ्यासारखे वाकणारे भाग करतात. ओपनफ्लेक्शर या खुल्या आराखड्याच्या मायक्रोस्कोपचं स्टेज तर थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकमध्ये छापता येतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ते एकदा छापून बघावंच. स्टेज म्हणजे काय हे दहा व्याख्यानांपेक्षा त्यात लवकर कळतं.

हे वाकणारे भाग हलवायला बहुधा पायझो असतो. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. उलट त्यांना व्होल्टेज दिलं की ते लांब-आखूड होतात. याच पायझोच्या जोरावर गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी झुरिकमध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप उभा केला आणि १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यात सुईचं टोक पृष्ठभागाच्या एक दशांश नॅनोमीटरनं आणखी जवळ गेलं की विद्युतप्रवाह साधारण दहापट होतो. एवढ्या बारीक अंतरावर काम करायचं म्हणजे बाहेरची कंपनं घातकच, म्हणून त्यांनी पहिलं यंत्र शिशाच्या अतिवाहक वाडग्यावर चुंबकांच्या जोरावर तरंगत ठेवलं होतं.

पायझो घेताना मात्र एक गोष्ट विसरू नका. नुसतं व्होल्टेज देऊन चालवला तर जाताना आणि येताना त्याची जागा प्रवासाच्या १० ते १५ टक्क्यांनी वेगळी असते, आणि थांबल्यावरही तो हळूहळू सरकत राहतो. आतमध्ये जागा मोजणारा सेन्सर असलेलाच घ्या. त्याचा प्रवास काही शे मायक्रॉनचाच असतो, म्हणून तो मोटरच्या स्टेजच्या वर बसवतात: मोटरनं जवळ जायचं, पायझोनं नेमकं पोहोचायचं.

मोटर, हात आणि खंडेनवमी

मोटरचं स्टेज घरात आल्यावर पहिल्या दिवशीच नुकसान होतं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. वाहतुकीत हलू नये म्हणून त्याला लॉकिंग स्क्रू लावलेले असतात. ते काढून जपून ठेवा, मगच वीज द्या. सुरू होताना बरीच स्टेजं आपलं शून्य शोधायला एका कोपऱ्यापर्यंत धावतात. त्या वेळी ऑब्जेक्टिव्ह वर आलेलं असेल तर नमुन्याची चौकट सरळ त्याच्या तोंडावर आदळते. स्विच दाबण्याआधी उलट्या मायक्रोस्कोपवर ऑब्जेक्टिव्ह पूर्ण खाली, सरळ मायक्रोस्कोपवर स्टेज पूर्ण खाली. हे मोठ्या अक्षरात लिहून यंत्राशेजारी चिकटवा. वीज जाऊन परत आली तरी हाच प्रसंग, म्हणून यूपीएस हवाच.

हाताच्या स्टेजची हानी सावकाश होते. टोकाला पोहोचल्यावरही विद्यार्थी नॉब पिळत राहतात आणि रॅकचे दात झिजतात. तेलाचे थेंब स्टेजवर वाळतात, स्लाइड चिकटते. तेल त्याच दिवशी लेन्स पेपरनं पुसा. रंगावर आणि प्लॅस्टिकवर झायलीन ओतू नका.

खंडेनवमीला आपण हत्यारं-यंत्रं पुसून त्यांची पूजा करतो. ही प्रथा मला मनापासून आवडते, वर्षातून एकदा तरी प्रत्येक यंत्राला माणसाचा हात लागतो. त्या दिवशी मायक्रोस्कोपची पूजा जरूर करा, पण हळदकुंकू पायावर वाहा, रॅकवर नको. त्याची पूड ग्रीसमध्ये कालवली गेली की दात खाते. आणि शिलाई मशीनचं तेल चुकूनही घालू नका. नॉब फिरवताना जो जडपणा जाणवतो तो मुद्दाम ठेवलेला असतो. त्यासाठी घट्ट, चिकट ग्रीस लागतं. पातळ तेलानं ते धुऊन निघतं, स्टेज आपल्याच वजनानं खाली सरकायला लागतं आणि ओघळलेलं तेल कंडेन्सरपर्यंत पोहोचतं.

नॉब जड झाला असेल तर बहुधा जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं. ते काढून, दात ब्रशनं साफ करून नवं डॅम्पिंग ग्रीस लावणं हे घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्याच्या जागेवर चिकटवत जा. नॉबच्या आतल्या चकतीनं ताण कमी-जास्त करता येतो, तो आधी करून बघा. 'स्टेज घसरतं' या तक्रारींपैकी कितीतरी तिथंच मिटतात. क्रॉस-रोलरचे रूळ मात्र उघडू नका. त्यांचा ताण कारखान्यात मोजून ठेवलेला असतो, आणि एकदा सैल केला की तो परत बसवायला डायल गेज, सपाट ग्रॅनाइट आणि बराच वेळ लागतो. ते काम करणाऱ्याकडे स्टेज पाठवताना स्टेज मायक्रोमीटरवर घेतलेले दोन पुंजक्यांचे आकडे सोबत द्या. परत आल्यावर तेच आकडे पुन्हा घ्या आणि मगच बिलावर सही करा.